खिंडीपर्यंत कुत्री, पुढे माणसं

शहर, १२ फेब्रुवारी १९५८

प्रिय दादा,

टीटस उद्या सकाळी टपालाची घसरगाडी घेऊन कांगेकला निघतोय, म्हणून घाईघाईत लिहिते. तो सांगत होता, गेल्या खेपेला आईने त्याच्यापुढे सीलच्या मटणाचं ताट ठेवलं आणि स्वतः नुसता चहाचा पेला धरून बसली. त्याने विचारलं, "का गं म्हातारे, तू का जेवत नाहीस?" तर म्हणे, पोटात धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. आणि तुझ्या पत्रात काय, तर एवढंच, की आई बरी आहे. दादा, ही कसली बरी?

दवाखान्यात मी फरशा पुसते, पण डॉक्टर माझं ऐकून घेतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, वजन उतरलंय का, पोटावर हात ठेवला तर गाठ लागते का. मला काय ठाऊक? मी तिला उन्हाळ्यानंतर पाहिलेलीच नाही. ते म्हणाले, समुद्रावरचा बर्फ फुटायच्या आत तिला इकडे आणा. एकदा बर्फ फुटायला लागला की गाडीही चालत नाही आणि होडीही. तोवर थांबण्यासारखं हे दुखणं दिसत नाही.

तेव्हा तिला गाडीवर घाल आणि घेऊन ये. तुझी कुत्री असली की अंधार पडायच्या आत पोचाल. मागच्या दांड्यांना उशी बांध, म्हणजे तिला टेकता येईल. पाय अस्वलाच्या कातड्यात गुंडाळ. तुला काय शिकवायचं म्हणा, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बाबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, हे तिच्या मनात असणार. तिला सांग, तो दवाखाना दक्षिणेत होता. इथे मी आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी
मालेने


कांगेक, १५ फेब्रुवारी

प्रिय मालेने,

पत्र मिळालं. आई तशी बरी आहे. थोडंफार खाते. काल तर हॅलिबट माशाच्या डोक्याचं कालवण प्याली.

भुशिराजवळचा बर्फ मला पसंत नाही. दुपारी काळपट दिसतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन तिथून जायचं म्हणजे जोखीम आहे. जरा थंडी वाढू दे, मग बघतो.

वहिनीने तुझ्यासाठी सुकं मांस बांधून दिलंय. हेन्ड्रिकला त्यातलं फार देऊ नकोस, दुकानात बसणाऱ्या माणसाला पचायचं नाही.

याफेत


शहर, २४ फेब्रुवारी

दादा,

मांस पोचलं. हेन्ड्रिकने निम्मं खाल्लं आणि त्याला छान पचलं.

मी टीटसला बर्फाबद्दल विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, भुशिरापाशी असा बर्फ आहे की चर्च उचलून ठेवलं तरी तडकणार नाही. मग तू मला काय सांगतोस? वर टीटस म्हणाला, "तुझा भाऊ आता मोठा माणूस झालाय. मला कुत्री वस्तीजवळ आणू दिली नाहीत. पार पलीकडे खडकामागे बांधायला लावली आणि म्हणे, माझी कुत्री माजावर आलीत, भांडतील."

मला सगळं समजतंय. तुला आईला पाठवायचं नाहीये. ती इकडे आली तर मी तिला ठेवून घेईन, असं तुला वाटतं. माझं लग्न झालं त्या दिवसापासून तुझं हे असंच चाललंय. माझ्या नवऱ्याला तू चारचौघांत म्हणालास, हा गाडी हाकतो की दुकानाचा गल्ला ढकलतो. तो विसरला, मी नाही विसरले.

अख्ख्या ग्रीनलंडात तुझ्याइतका हट्टी माणूस नसेल. पण आईच्या पोटात दुखतंय, तुझ्या माझ्या नाही.

टीटस परत आला आणि त्याच्या गाडीवर आई नसली, तर मी हेन्ड्रिकला पाठवणार. त्याची कुत्री तुझ्या कुत्र्यांएवढी दणकट नसतील, पण दुकानातली पिंपं तीच ओढतात. आई काही पिंपापेक्षा जड नाही.

मालेने


कांगेक, २७ फेब्रुवारी

मालेने,

हेन्ड्रिकला पाठवू नकोस. काहीही झालं तरी पाठवू नकोस. आधी हे वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

आमच्याकडे कुत्र्यांना रोग आलाय.

नाताळानंतर एक शिकारी उत्तरेकडून आला, आमच्याकडे राहून गेला. त्याच्या एका कुत्र्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, थंडी बाधली असेल. मग माझा म्होरक्या खायचा थांबला. त्याला झटके यायला लागले. बर्फावर आडवा पडून पळाल्यासारखे पाय हलवायचा. तीन दिवस तसाच पळत होता. त्याला मी स्वतः गोळी घातली. त्याच्यानंतर एकेक करून बाकीची. तुला पत्र लिहिलं तेव्हा माझ्याकडे निम्मी उरली होती. आज दोन आहेत आणि त्यांतलं एक उभं राहत नाही. शेजारच्या कालेबची पाच गेली.

तुला का नाही सांगितलं, ते मलाच नीट सांगता येत नाही. वाटायचं, खराब शार्कचं मांस खाल्लं असेल, आणखी एक आठवडा जाऊ दे. तोंडातून एकदा शब्द निघाला की ते खरं होईल. कुत्री नसलेला शिकारी म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. टीटसलाही नाही सांगितलं, पण त्याची कुत्री लांब बांधायला लावली, तेवढी अक्कल शाबूत होती. आज त्याला सांगितलं. तो हातातला दोर खाली टाकून उभा राहिला. मग म्हणाला, "याफेत, माझ्या घरी पाच तोंडं या कुत्र्यांवर जगतात, हे तुला माहीत होतं." मी म्हटलं, होतं. त्यावर तो माझ्याकडे पाठ करून गाडी आवरायला गेला. आपली कुत्री तो लगेच शहरात आणणार नाही, समोरच्या बेटावर ठेवणार आहे.

आईचं सांगायचं तर पोटात गाठ आहे. मी हात लावून पाहिली. मुठीएवढी असेल. तिला आणायचं आहे, मालेने. मी रोज गाडीकडे बघतो. पण इथून कुत्री शहरात आणली तर तुमच्या गावात एक कुत्रं जिवंत राहणार नाही. आणि हेन्ड्रिक इथे आला तर तो रोग सोबत घेऊनच परत जाईल.

थांब. मी काहीतरी करतो.

याफेत


शहर, ७ मार्च

दादा,

हे पत्र कोण नेणार, मला माहीत नाही. टीटस बेटावर आहे, तुमच्या बाजूला जायला कुणी तयार नाही. पण लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हेन्ड्रिक काल सकाळीच निघाला.

वादळ झालं, टीटसचा पत्ता नाही. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. वादळाने भुशिराजवळचा बर्फ फुटला, अशी बातमी आली. टीटसची गाडी जड, तो बाहेरून बेटाला वळसा घालून आला. हेन्ड्रिक डोंगरावरून, खिंडीच्या वाटेने गेला. म्हणून दोघांची गाठच पडली नाही.

तो जायला तयार नव्हता, दादा. खिंड त्याने आजवर एकदाच ओलांडलीय, तीही दुसऱ्याच्या गाडीवर बसून. मीच त्याला म्हटलं, तू गेला नाहीस तर माझा भाऊ जन्मभर तुला हसेल. त्यावर तो कुत्र्यांचे पट्टे काढायला गेला. मी दारात उभी होते. गाडीवर कॉफीची किटली बांधताना म्हणाला, "तुझी आई कॉफीत साखर घेते का गं?" मी म्हटलं, घेते. त्याने साखर घेतली.

गावातले लोक आता मला विचारतात, तो परत आला तर आम्ही त्याला येऊ द्यायचं का? मघाशी दुकानात एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, "बंदूक घेऊन किनाऱ्यावर थांबावं लागेल." त्याचंही चूक नाही. त्याच्याकडे अठरा कुत्री आहेत.

दवाखान्याच्या खिडकीतून खिंडीचा माथा दिसतो. मी एकच फरशी सारखी पुसतेय.

मालेने


खिंडीत, ८ मार्च

मालेने,

हेन्ड्रिक दोरांचा गुंता सोडवतोय, त्याला वेळ लागणार, तेवढ्यात लिहितो. कागद त्याचा, पेन्सिल त्याची. आमच्या घरातलं काही नको म्हणून.

सगळे धड आहेत. हे आधी सांगतो.

परवा जेवणवेळी कालेब धावत आला. म्हणाला, खिंडीच्या खालच्या वळणावर गाडी दिसतेय, आणि जो कोण हाकतोय त्याला उतरता येत नाहीये. मी बाहेर येऊन पाहिलं. गाडी आडवी होत होती, कुत्री पुढे ओढत होती, माणूस मागे टांगलेला. हेन्ड्रिकशिवाय असा कोण असणार? रोग कपड्यांतून जाऊ नये म्हणून मी घरातले कपडे काढले. पोटमाळ्यावर बाबांचा जुना सदरा होता, कुत्र्यांचा वास न लागलेला. तो चढवला आणि पळत सुटलो.

त्याला मी लांबूनच थांबवलं. दोन्ही हात वर करून ओरडलो, "तिथेच थांब, पुढे येऊ नकोस."

तो ओरडला, "मी आईंना न्यायला आलोय. तुमच्याशी भांडायला नाही."

"भांडणाचं नाही रे बाबा, कुत्री मागे घे."

"माझी कुत्री काय वाईट आहेत? तुमच्या दारात उभी राहिली तर तुमची अब्रू जाते का?"

तो पुढे यायलाच लागला. मी काय करणार? माझ्याकडे बंदूक नव्हती, असती तरी काय. मी बर्फात गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, "जावईबापू, माझी सगळी कुत्री मेली." तेव्हा तो थांबला. मग गाडी उलटी करून आडवी टाकली आणि कुत्री खडकाला बांधली.

आम्ही लांबून लांबूनच ठरवलं. त्याने खिंडीच्या माथ्यावरच्या झोपडीत थांबायचं. आईला आम्ही वर आणायचं.

आज पहाटे निघालो. मी, कालेब, त्याचे दोघे भाऊ. आमच्या कुत्र्यांच्या दोरांतून हेन्ड्रिकच्या कुत्र्यांना रोग लागू नये म्हणून सीलच्या शिकारीचे नवे दोर खांद्यावर घेतले. गाडीच्या तळच्या धावा काल घासून ठेवल्या होत्या, तरी चढणीवर ती हलेना. मी आयुष्यभर कुत्र्यांवर ओरडलोय, आणि आज मला कळलं की ओरडणाऱ्याला काही ठाऊक नसतं. वर कालेब दर वळणावर विचारायचा, "याफेत, आता मासा कधी मिळणार?" आई अधेमधे विव्हळायची, मग म्हणायची, "मी नाही, गाडी करकरली." उभ्या चढावर तर आम्ही चौघे पोटावर झोपून ओढत होतो. एकदा कालेबचा दोर तुटला. गाडी मागे जायला लागली, तर त्याच्या धाकट्या भावाने आपलं अंगच तिच्याखाली आडवं घातलं. बरगडी दुखतेय म्हणतो, पण चालतोय.

माथ्यावर आईला आमच्या गाडीवरून उतरवलं. तिचे बाहेरचे कपडे, कातडी, सगळं आमच्याकडे ठेवलं. हेन्ड्रिकने नवी कातडी अंथरली होती. तिला उचलून दहा पावलं न्यायचं होतं आणि ती मला सोडेना. म्हणाली, "तुझे बाबा याच वाटेने गेले होते." मी म्हटलं, "आई, तिकडे मालेने आहे." हेन्ड्रिकने तिला माझ्या हातातून घेतलं. तो म्हणाला, "कॉफी केलीय. साखर घातलीय." तेव्हा तिने हात सोडला.

त्याला गाडी हाकता येत नाही, हे मी म्हटलं होतं. मागे घेतो. उतारावर गाडी सुटू नये म्हणून धावांना दोर गुंडाळायला सांगितलंय. गावातल्या लोकांना सांग, त्याच्या कुत्र्यांना आमची कुत्री दिसलीसुद्धा नाहीत.

माथ्यावर दगडाखाली पत्र्याचा डबा ठेवतो. पत्र त्यात टाकत जा, मी चढून येऊन घेईन.

याफेत


शहर, २२ मार्च

प्रिय दादा,

आई आली त्याच दिवशी तिला दवाखान्यात घेतलं. गावातल्या लोकांनी हेन्ड्रिकची कुत्री बेटावर बांधायला लावली. रोज माणसं लांबून बघून जातात, नाक वाहतंय का. अजून एकही आजारी नाही. टीटसचीही बरी आहेत. त्याने तुला निरोप दिलाय, की राग गेलेला नाही, पण कमी झालाय.

आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उघडून नीट पाहिलं आणि पुन्हा शिवलं. जखम छान भरतेय. ते म्हणाले, आता आणखी काही कापायची गरज नाही. ती आठवड्यापासून घरी जायचं म्हणतेय. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत राहा. ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, तिला जाऊ द्या.

पुढच्या रविवारी, हवा चांगली असली तर, हेन्ड्रिक तिला माथ्यापर्यंत आणेल. तिला जपून उतरवा. दुखलं तर द्यायला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या जास्त लागल्या तरी चालतील असं म्हणाले.

मला सर्दी झालीय, जास्त लिहवत नाही.

तुझी
मालेने


कांगेक, २५ मार्च

प्रिय मालेने,

डब्यातलं पत्र आज मिळालं. वाटेतच वाचलं आणि धावतच खाली आलो. वहिनीला वाचून दाखवलं, कालेबला दाखवलं. कापायची गरज नाही म्हणजे गाठ काही वाईट नव्हती. मी उगाच घाबरलो होतो. डॉक्टरांसाठी नार्व्हाल देवमाशाच्या दाताचा एक तुकडा ठेवलाय, हेन्ड्रिकजवळ देतो.

माझं शेवटचं कुत्रं सोमवारी गेलं. पण आज त्याचंही तेवढं वाटलं नाही. आम्ही पायी जाऊन जाळं टाकतो, हॅलिबट गाडीवर घालतो आणि स्वतःच ओढून आणतो. पोट भरतं.

रविवारी आम्ही माथ्यावर असू. गाडीवर जास्तीची कातडी घालतो.

याफेत


कांगेक, ३१ मार्च

मालेने,

आई घरी आहे. झोपलीय.

तू मला सांगायला हवं होतंस.

तिनेच सांगितलं. हेन्ड्रिक गेल्यावर माथ्यावर आम्ही तिला बांधत होतो, तेव्हा मी म्हटलं, "आई, आता उन्हाळ्यात तुला अंडी गोळा करायला बेटावर नेतो." तिने माझा हात धरला. म्हणाली, "मालेनेने तुला लिहिलं नाही वाटतं. त्यांनी उघडलं आणि मिटलं. आत काही करण्यासारखं नव्हतं. पोरगी माझ्या खाटेशी बसून डोळे पुसायची आणि म्हणायची, सर्दी झालीय." मग म्हणाली, "तिच्यावर रागावू नकोस. तूही कुत्री लपवली होतीस."

मला तुझ्यावर रागावायचं होतं. त्यानंतर नाही जमलं.

उतारावर फार वाईट वेळ आली. धावांना दोर गुंडाळले होते, आम्ही चौघे मागून टाचा रोवून धरत होतो. ऊन पडल्यामुळे वरचा थर निसरडा झाला होता. मधल्या वळणावर कालेबचा पाय सुटला, गाडी कड्याच्या बाजूला फिरली. मी पुढे उडी मारून पाय आडवा घातला. गाडी गुडघ्यावर येऊन थांबली. खाली पाहिलं तर कड्यापर्यंत दोन माणसं झोपतील एवढीच जागा. आई म्हणाली, "तुझे बाबा इथे कुत्री मागे बांधायचे. ती भुंकत उतरायची. हे फार शांत आहे रे." गुडघा सुजलाय, त्यापलीकडे काही नाही.

तळाशी वस्तीमागचा लांब, गुळगुळीत उतार आहे ना, तिथे पोरं सीलच्या कातड्यावर बसून घसरत होती. आईने थांबायला सांगितलं. पोरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धावांचे दोर सोडा."

मी म्हटलं, "आई, पोटाला धक्का बसेल."

ती म्हणाली, "पोट राखून आता मला कुठे जायचंय?"

कालेबने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून दोर सोडले. तिच्या मागे बसलो, दोन्ही हातांनी तिला धरलं. ती इतकी हलकी झालीय, मालेने. कालेबने ढकललं. पोरं दोन्हीकडे पळाली, ओरडायला लागली. वारा तोंडावर आला, पाण्याने डोळे भरले, काही दिसेना. गाडी उतार संपला तरी थांबली नाही, किनाऱ्यावरून सरळ समुद्राच्या बर्फावर गेली आणि हळूहळू थांबली. मला वाटलं, तिला काही झालं. तिचं अंग हलत होतं. ती हसत होती, आवाज न करता, पोट धरून.

श्वास आल्यावर मागे न वळता म्हणाली, "पुन्हा वर नेता येईल का रे?"

कालेब धापा टाकत येऊन पोचला होता. म्हणाला, "म्हातारे, आम्हाला काय कुत्री समजलीस?"

"कुत्री असता तर विचारलं नसतं," आई म्हणाली.

आम्ही तिला पुन्हा वर नेलं.

ती आता जेवत नाही, गोळ्या घेते. काल तुझं नाव घेतलं, आज दोनदा घेतलं. खिंडीवरचा बर्फ पातळ होतोय, दुपारी पाणी वाहताना ऐकू येतं. आता पत्र पाठवू नकोस, तू ये. हेन्ड्रिकला म्हणावं, माथ्यापर्यंत सोड. तिथून पुढे मी आहे.

याफेत